डागडुजीची शहरं

पिनांग बेटावरच्या जॉर्जटाउनमध्ये, आर्मेनियन स्ट्रीटला लागून असलेल्या एका गल्लीत गवंडी भिंत सोलत होता. छिन्नी तिरपी धरायची, वर हातोडीने हलके टोले द्यायचे, सिमेंटचा गिलावा सुटला की तो हाताने ओढून काढायचा. खालच्या विटेचा टवका उडाला तर तो स्वतःवरच चिडत होता. मोकळ्या झालेल्या विटांवर पांढरा लोणा फुलून आला होता. लगेच नवा गिलावा करणार का, असं विचारल्यावर त्याने मान हलवली. आधी भिंतीला काही महिने वाळू द्यायचं, लोणा पुन्हा पुन्हा झाडून काढायचा आणि मगच चुन्याचा हात द्यायचा. घाई करणाऱ्या मालकांबद्दल तो जे बोलला ते छापण्याजोगं नाही.

पिनांगची जुनी घरं विटांची आणि चुन्याची. पायात ओल अडवणारा थर नाही, जमीन समुद्रालगतची, पाऊस वर्षभर. भिंत खालून पाणी ओढून घेते आणि चुन्याच्या सच्छिद्र गिलाव्यातून हवेत सोडून देते. शंभर वर्षं हे बिनबोभाट चाललं. मग कुणीतरी ‘पक्कं काम’ म्हणून सिमेंट थापलं, त्यावर प्लॅस्टिक पेंट मारला आणि पाण्याची वाट बंद झाली. ते क्षार सोबत घेऊन आणखी वर चढलं, अन् वीट आतून भुगा व्हायला लागली. चुना मऊ असतो. तो आधी झिजतो आणि वीट वाचवतो. म्हणूनच तो दर काही वर्षांनी नव्याने द्यावा लागतो. पक्कं काम करणाऱ्यांना नेमकी हीच कटकट नको होती.

आशियातली जुनी शहरं पाहत हिंडताना जागोजाग माहितीफलक भेटतात. निसर्गाशी सुसंवाद, पूर्वजांचं शहाणपण, पर्यावरणस्नेही रचना असे शब्द त्यांवर हमखास असतात. चौक कसा, वारा कुठून येतो, छपराला उतार किती हे सगळं त्यांत मिळतं. या घराची डागडुजी कोण करतं, कुणाच्या पैशाने करतं आणि ते करायला त्याला परवडतं का, हे मात्र कुठेच लिहिलेलं नसतं. माझ्या मते खरी गोष्ट तिथेच आहे.

जॉर्जटाउनचं दुकानघर म्हणजे खाली धंदा, वर संसार. रुंदी अठरा-वीस फूट, कारण मधे खांब न घालता लाकडी तुळई तेवढाच पल्ला गाठते. लांबी मात्र शंभर फुटांवरही जाते. एवढ्या लांबोळक्या घराच्या पोटात उजेड पोचायचा तर छपराला भोक पाडण्यावाचून इलाज नाही. म्हणून मधे चौक. वरून ऊन, वारा आणि पाऊस तिन्ही सरळ घरात येतात. पाणी दगडी फरशीवर पडून मोरीवाटे रस्त्याच्या गटारात जातं. छपराचं पाणी घरात पडणं म्हणजे लक्ष्मी येणं अशी इथल्या चिनी कुटुंबांची समजूत, त्यामुळे छत्रीएवढा चौकही कुणी बुजवत नसे. तापलेली हवा चौकातून वर जाते आणि रस्त्याकडची सावलीतली हवा तिच्या जागी आत येते. ही सावली पाच फुटी वाटेची असते. प्रत्येक घराने तळमजला आत घेऊन पुढे छत असलेली वाट सोडायची आणि ती सलग जोडलेली असावी, असा नियम इंग्रज अधिकारी रॅफल्सने १८२२च्या सिंगापूरच्या नगररचनेत घातला. पुढे तो मलायातल्या शहरांत पसरला. आज या वाटेवर स्कूटर, शेगड्या, देव्हारे आणि वाळत घातलेले कपडे असतात. चालणारा बिचारा रस्त्यावरून चालतो.

लीथ स्ट्रीटवरची निळी हवेली हा या घराचा श्रीमंत अवतार. चिओंग फात झी हा चीनच्या ग्वांगडोंगमधून रिकाम्या हाताने जावात आलेला आणि पुढे गडगंज झालेला व्यापारी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याने बांधलेल्या या घरात ३८ खोल्या, ५ चौक आणि २२० खिडक्या आहेत. भिंतींचा निळा रंग म्हणजे चुन्यात कालवलेली नीळ, आणि ती नीळ हिंदुस्थानातून येई. जवळ जाऊन बघितलं तर रंग एकसारखा नाही. जोत्यापाशी तो फिकट, ढगाळ दिसतो, कारण भिंत तिथे सगळ्यात जास्त ओल सोडते. फोटो काढणाऱ्यांना हे डाग वाटतात.

शेवटचा मुलगा जिवंत असेपर्यंत घर विकायचं नाही, अशी अट चिओंगने मृत्युपत्रात घातली होती. तो स्वतः १९१६मध्ये गेला; धाकटा मुलगा १९८९मध्ये. मधल्या काळात हवेली भाडेकरूंनी भरली आणि खंगली. मग वास्तुरचनाकार लॉरेन्स लोह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती घेऊन चुन्यानेच दुरुस्त केली. २०००मध्ये त्या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला.

त्याच वर्षाच्या पहिल्या तारखेला जॉर्जटाउनमध्ये दुसरी एक गोष्ट घडली होती. मलेशियाचा १९६६चा भाडेनियंत्रण कायदा त्या दिवशी संपला. या कायद्याने गोठवलेल्या भाड्यात हजारो कुटुंबं जुन्या दुकानघरांत राहत होती. सुतार, पाट्या रंगवणारे, उदबत्त्या वळणारे, पिढ्यान्‌पिढ्यांचे कारागीर. भाडी एकदम चढली आणि यातले पुष्कळ जण शहराबाहेर फेकले गेले. रिकाम्या घरांत काही मालकांनी पाकोळ्या पाळल्या! या पक्ष्यांची लाळेची घरटी चिनी सुपासाठी सोन्याच्या भावाने विकली जातात. त्यासाठी खिडक्या विटांनी बुजवायच्या, आत दमटपणा राखायचा आणि पक्ष्यांच्या आवाजाची ध्वनिफीत दिवसभर लावायची. वाऱ्यासाठी बांधलेल्या घराची याहून मोठी विटंबना सुचणं अवघड आहे. २००८मध्ये जॉर्जटाउन जागतिक वारसा यादीत गेलं आणि वारसा भागातून या पाकोळ्यांना बाहेर काढण्याची मोहीम सुरू झाली. पाकोळ्या गेल्या, हॉटेलं आणि कॉफीची दुकानं आली.

मुंबईकराला ही गोष्ट उलट्या बाजूने ठाऊक आहे. महाराष्ट्राचा नवा भाडेनियंत्रण कायदा लागू झाला तो ३१ मार्च २०००ला, म्हणजे पिनांगनंतर तीनच महिन्यांनी, आणि त्याने जुन्या भाडेकरूंचं संरक्षण कायम ठेवलं. गिरगावातली माणसं राहिली. चाळी मात्र टेकूंवर उभ्या राहिल्या, कारण त्या भाड्यात मालक जिन्याची पायरीही बदलेना. पिनांगमध्ये घरं वाचली, माणसं गेली. दोन्हीकडे वास्तुरचनेचा दोष काडीमात्र नव्हता.

इराणमधल्या यझ्दला वर्षाकाठी जेमतेम ५०-६० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्याकडे एका दुपारच्या वळवात तेवढा होऊन जातो. शहर मातीचं, रंग मातीचा, आणि त्यातून वर आलेले बादगीर, म्हणजे वारा पकडणारे उंच मनोरे. दौलताबाद बागेतला अठराव्या शतकातला अष्टकोनी बादगीर सुमारे ३३ मीटर उंच आहे. त्याच्या खाली उभं राहिलं की बाहेरच्या भाजणाऱ्या दुपारीही केस हलतात. वरच्या उभ्या फटींतून वारा आत शिरतो, खाली हौदावरून जातो, पाण्याने गार होतो आणि दालनात पसरतो. वारा पडलेला असला तर हाच मनोरा धुराड्याचं काम करतो आणि आतली गरम हवा वर खेचून घेतो. दालनात कुणी मोठ्याने बोलत नाही. सगळे जण मान वर करून उभे असतात, आणि मार्गदर्शक हातरुमाल सोडून तो वर कसा तरंगतो ते दाखवत असतो.

बादगिराचे फोटो सगळे काढतात, पण त्याच्या खालचं पाणी कुठून येतं हे पाहायला जुम्मा मशिदीच्या आवारात जिना उतरावा लागतो. तिथून झर्च कनात जाते. डोंगराच्या पायथ्याचं भूजल बोगद्याने, केवळ उताराच्या जोरावर, ८० किलोमीटरच्या आसपास अंतर कापून वस्तीपर्यंत आणलेलं. वरून ठरावीक अंतरावर विहिरीसारखी विवरं, गाळ उपसायला. ही विद्या मराठवाड्याला नवी नाही. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकीला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, पाणी आणलं ती नहर-ए-अंबरी याच जातीची, आणि तिथल्या पनचक्कीचं पाणीही अशाच एका नहरीचं. कनात म्हणजे सततचं काम. गाळ उपसला नाही की बोगदा तुंबतो, छत ढासळतं. इराणमध्ये हे काम करणारी मुकन्नी जमात पिढीजात होती. बोगदा कोसळला तर तेच आपलं कफन, म्हणून ते पांढरे कपडे घालून खाली उतरत, असं सांगतात.

विसाव्या शतकात खोल विंधनविहिरी आल्या, भूजल खाली गेलं, कनाती आटत गेल्या. नळ आणि वीज आल्यावर घराच्या तळघरात गार पाण्याचा हौद राखायचं कारण उरलं नाही. आज यझ्दच्या गच्च्यांवरून नजर फिरवली तर बादगिरांच्या जोडीला पत्र्याचे कूलर दिसतात. ओल्या पॅडमधून हवा ओढणारे, विदर्भात घरोघरी असतात तसलेच. तत्त्व हौदावरच्या वाऱ्याचंच आहे, फक्त मोटारीला वीज लागते. अनेक बादगिरांच्या फटी कबुतरं येतात म्हणून जाळीने किंवा विटांनी बंद केलेल्या आहेत.

फहादान पेठेत एका घराच्या छपरावर चिखलाचं काम चाललं होतं. माती आणि चिरलेला पेंढा कालवून काही दिवस मुरवलेला हा काहगिल. त्याला आंबूस वास येतो, आणि पायांनी तुडवून तो लोण्यासारखा झाला की फळीने पसरतात. पावसाने तो दरवर्षी थोडा थोडा वाहून जातो, काही वर्षांनी नवा थर द्यावा लागतो. ज्या घरात कुणी राहत नाही त्याचं छप्पर दोन-तीन हिवाळ्यांत उघडं पडतं आणि मग भिंतींना वेळ लागत नाही. २०१७मध्ये यझ्द जागतिक वारसा झालं, त्यानंतर चौकाच्या घरांची हॉटेलं झपाट्याने वाढली. हौदाच्या भोवती तख्त मांडून पर्यटकांना चहा देतात. जुन्या घरांत उन्हाळ्याची आणि थंडीची बाजू वेगळी असे. कुटुंब ऋतूप्रमाणे एका बाजूने उठून दुसऱ्या बाजूला मुक्काम हलवी आणि रात्री गच्चीवर झोपे. हॉटेलातल्या पाहुण्याला खोलीचा आकडा दिलेला असतो. त्याला जून महिन्यात तळघरात हलवता येत नाही, म्हणून एसी.

यझ्दमध्ये मुंबई-पुण्याच्या माणसाला उगाच ओळखीचं वाटत राहतं, त्याला कारण आहे. आपल्या कोपऱ्यावरच्या इराणी हॉटेलांचे कितीतरी मालक याच भागातून आलेल्या झरतुष्ट्री कुटुंबांतले. इथल्या अग्निमंदिराची १९३४ची इमारतही भारतातल्या पारशांच्या पैशातून उभी राहिली. ब्रून-मस्का मात्र तिथे मिळत नाही.

क्योतोला गेल्यावर जपानी नीटनेटकेपणाचं कौतुक करायची तयारी ठेवून जावं लागतं; शहर ते करायला भागच पाडतं. पण तिथली माचिया, म्हणजे व्यापाऱ्यांची जुनी लाकडी घरं, कडाक्याच्या थंडीत अक्षरशः कुडकुडवतात. चौदाव्या शतकातल्या केन्को नावाच्या भिक्षूने घर उन्हाळ्याच्या हिशेबाने बांधावं असा सल्ला देऊन ठेवला, आणि क्योतोच्या लोकांनी तो फार मनावर घेतला. तीन बाजूंनी डोंगर, वारा अडलेला, जुलै-ऑगस्ट घामाचे. घर अरुंद आणि लांब, पुढे जाळीदार लाकडी तोंड, एका अंगाला मातीच्या जमिनीची आरपार वाट आणि त्यातच चुली. मधे एक इवलीशी बाग, मागे दुसरी. एकीवर सकाळी पाणी शिंपडायचं, दुसरी कोरडी ठेवायची. एकीकडची हवा गार, दुसरीकडची तापून वर जाणारी. मधल्या खोल्यांतून झुळूक वाहते.

जूनमध्ये, गिऑन उत्सवाच्या आधी, या घरांत एक मोठा दिवस असतो. कागदी सरकदारं आणि जाड पडदे उतरवून कोठीत जातात, त्यांच्या जागी बोरूच्या कामट्यांची दारं बसतात. बाहेर चिकाचे पडदे सुटतात, तातामीवर वेताच्या चटया अंथरल्या जातात. एका घरात हे काम करणाऱ्या सासूबाई सत्तरीच्या पुढच्या होत्या. सून एक बाजू धरत होती. प्रत्येक दाराच्या कडेला शाईने खूण केलेली होती, कारण शंभर वर्षांत चौकटी जराजरा वाकल्या आहेत आणि एका खणाचं दार दुसऱ्याला बसत नाही. सप्टेंबरात हे सगळं परत उलट करायचं. एसीचं बटण या श्रमाशी स्पर्धा करतं आणि सहसा जिंकतं.

डागडुजी मात्र पाहावी तर क्योतोत. एका माचियात सुताराने खांब जॅकवर तोलून धरला होता. खांब जमिनीत पुरलेला नसतो, तो दगडावर नुसता उभा असतो. तळाचं हातभर लाकूड ओलीने कुजलेलं. तेवढंच कापून काढलं, वरच्या निरोगी भागाला आणि खालच्या नव्या तुकड्याला एकमेकांत अडकणाऱ्या खाचा पाडल्या, तुकडा बाजूने सरकवून बसवला, लाकडी पाचर ठोकली. खिळा नाही. आता हा खांब आणखी एक पिढी उभा राहील, आणि पुन्हा कुजला तर पुन्हा तेवढाच बदलायचा. नवं लाकूड पिवळं, जुनं काळं; जोड लपवायचा त्याने काही प्रयत्न केला नाही.

तरी माचिया कमी होत आहेत. २०१६च्या सुमारास महापालिकेच्या पाहणीत त्या सुमारे ४०,००० उरल्या होत्या आणि दिवसाला दोन या गतीने पाडल्या जात होत्या. वारसाहक्काचा कर भरायला मुलं जमीन विकतात. १९५०च्या बांधकाम कायद्याच्या चौकटीत हे घर बसत नाही, त्यामुळे तसंच नवं बांधता येत नाही. सुतार तयार करायला वर्षं लागतात. २००७मध्ये शहराने धाडस करून मध्यभागातल्या इमारतींची कमाल उंची ४५ मीटरवरून ३१वर आणली, छपरांवरच्या जाहिराती काढायला लावल्या. त्याने आभाळ वाचलं. घर वाचवायला करात सवलत आणि सुतार लागतात, आणि तो खर्च उंचीच्या नियमात मावत नाही.

सिंगापूर या सगळ्याचं उत्तर देतं असा त्याचा दावा आहे. हिरव्या इमारतींचं शहर! पिकरिंग स्ट्रीटवरचं वोहा या संस्थेने रचलेलं हॉटेल २०१३मध्ये उघडलं. त्याच्या सज्जांवर आणि गच्च्यांवर १५,००० चौरस मीटर हिरवळ आहे, जमिनीच्या प्लॉटच्या दुपटीहून जास्त. खालून बघताना डोंगरकडा झाडीने भरलेला वाटावा. मी सकाळी गेलो तेव्हा दोरावर लोंबकळणारी माणसं वाळकी पानं काढत होती. झाडं लावलेली इमारतसुद्धा माळ्याशिवाय चार महिने टिकत नाही, आणि हे माळी बहुतेक परदेशातून आलेले मजूर. या शहराला हे नवं नाही. सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल १८५०-६०च्या दशकांत हिंदुस्थानातून आणलेल्या कैद्यांनी बांधलं. भिंतींना त्यांनी मद्रासी पद्धतीचा चुना दिला. शिंपल्यांचा चुना, अंड्याचा पांढरा बलक, साखर, नारळाच्या सोडणाचं पाणी, आणि वर घोटून घोटून चकाकी.

हिरवळीखाली काय पुरलं आहे, हा प्रश्न सिंगापूरला विचारलेला आवडत नाही. १९७६मध्ये बांधलेली पर्ल बँक ही ३८ मजल्यांची घोड्याच्या नालेसारखी इमारत, तान चेंग सिओंग यांची रचना, रहिवाशांनी सामूहिक विक्रीत काढली आणि २०१९-२०मध्ये पाडली गेली. चाळीस-पंचेचाळीस वर्षं वयाचं काँक्रीट राडारोडा झालं. जागेवर उभ्या राहिलेल्या नव्या टॉवरला पर्यावरणस्नेही म्हणून नावाजलं जातं, त्यात रहिवाशांसाठी भाजीचे वाफे आहेत. मोडलेल्या सिमेंट-लोखंडातला कार्बन भेंडी आणि पालकाने कधी फिटणार, याचा हिशेब मला कुणी दिला नाही.

गोल्डन माइल कॉम्प्लेक्सचं मात्र वेगळं झालं. १९७३ची ही पायऱ्यापायऱ्यांनी मागे झुकत जाणारी काँक्रीटची इमारत खाली दुकानं, वर कचेऱ्या, त्याहून वर घरं अशी रचलेली. दुकानघराचीच कल्पना सोळा मजल्यांत ताणलेली. खाली थाई लोकांची वस्तीच झाली होती. बँकॉकच्या बस इथून सुटत, रविवारी सोमतामच्या वासाने जिने भरत. रहिवाशांनी सज्जे पत्र्याने बंद केल्यावर तिला शहरावरचा डाग म्हणूनही हिणवलं गेलं. ऑक्टोबर २०२१मध्ये सरकारने तिला संरक्षित वास्तू जाहीर केलं, आणि पुढच्याच वर्षी ती ७० कोटी सिंगापूर डॉलरला विकली गेली. न पाडता, दुरुस्त करण्याच्या अटीवर. २०२३च्या मे महिन्यापर्यंत थाई दुकानं आणि भाडेकरू बाहेर पडले. काही शेजारच्या टॉवरमध्ये गेले, काही इतरत्र पांगले.

ही विक्री जमली ती वाढीव चटई क्षेत्रामुळे. जुनी इमारत राखणाऱ्या विकासकाला सरकारने जादा बांधकामाची सवलत दिली, आणि त्या जोरावर शेजारी चाळीसहून अधिक मजल्यांचा नवा निवासी टॉवर येतो आहे. मुंबईत वाढीव एफएसआय मिळतो तो चाळ पाडली म्हणून. इथे तो न पाडल्याबद्दल मिळाला. वारसा म्हणून वाचलेल्या काँक्रीटच्या पायऱ्यांवर जे येतील त्यांना तिथलं भाडं परवडेल का, असं मी शेजारच्या टॉवरमधल्या एका थाई खानावळवालीला विचारलं. ती हसली आणि तिने माझ्या नूडल्सवर आणखी एक चमचा तिखट टाकलं. मग म्हणाली, तिच्या नव्या गाळ्याचं भाडं जुन्याहून आत्ताच जास्त आहे, आणि पंखा बिघडला तर मालक तीन-तीन आठवडे माणूस पाठवत नाही.